गुटी बांधायची तर आधी साल ओळखा

मागीलदारी जामाचं झाड आहे, पांढऱ्या जामाचं. बरीच वर्षं झाली, त्याच्या एका फांदीला मी कपडे वाळत घालायची तार बांधली होती. चांगले दोन वेढे देऊन, पक्कडीनं पीळ मारून. मग विहिरीजवळ नवी दांडी झाली आणि ही तार विसरूनच गेले. तीन पावसाळ्यांनी आठवण झाली तेव्हा तार सालीत रुतून बसलेली. तारेच्या वरच्या अंगाला, म्हणजे शेंड्याकडे, फांदी मनगटाएवढी फुगलेली. खालच्या अंगाला होती तशीच, अंगठ्याएवढी. मी पक्कड आणायला वळले तर सासरे म्हणाले (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो), "थांब गो. आधी बघून घे. हिचं जेवण अडलंय हिथे. वरून येतंय ते तारेपाशी साचतंय. हिथे ओलं शेवाळ बांधलं असतंस तर आयती मुळं सुटली असती."

गुटी कलम म्हणजे एवढंच. पानांकडून मुळांकडे निघालेलं अन्न वाटेत मुद्दाम अडवायचं आणि त्या साचलेल्या अन्नावर मुळं फुटवून घ्यायची. चाकू कसा धरायचा ते दहा मिनिटांत कोणीही दाखवील. पण साल हे काय प्रकरण आहे ते कळलेलं नसलं की माणूस नेमका नको तिथे हात आवरतो. आमच्या रोपवाटिकेत दर पावसाळ्यात कोणी ना कोणी वाळलेली नाहीतर परत सांधलेली गुटी घेऊन येतं. "काकी, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं, मग मुळं का नाहीत?" म्हणून या वेळी लिहूनच काढते. ही रीत गुहागर तालुक्यातली, जांभ्या मातीतली, धो धो पावसातली आहे. देशावरच्यांनी पाण्याचा हिशेब आपापला करावा.

चाकू उचलण्याआधी एक फांदी सोलून बघा. लिंबाची किंवा जास्वंदीची, बोटाएवढी जाड. वरची पातळ करडी कातडी नखानं निघते. तिच्याखाली ओलसर, दोऱ्यादोऱ्यांचा थर लागतो, ती आतली साल. पावसाळ्यात ती ओढली की सरकन सुटते आणि खाली पांढरंफेक लाकूड उघडं पडतं. त्या लाकडावरून बोट फिरवा. सोललेल्या भेंडीसारखं बुळबुळीत लागेल. या तीन गोष्टी बोटांना कळल्या की अर्धं काम झालं. पाणी आणि जमिनीतले क्षार मुळांकडून वर चढतात ते लाकडातून, त्या जलवाहिन्या. पानांनी उन्हावर तयार केलेली साखर निघते ती आतल्या सालीतून, त्या रसवाहिन्या. आणि मधला बुळबुळीत थर म्हणजे कॅम्बियम, झाडाचा गवंडी. तो बाहेरच्या बाजूला नवी साल रचतो आणि आतल्या बाजूला नवं लाकूड. शाळेत मीही हे पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते, पण सोललेल्या फांदीला बोट लावायला कोणी सांगितलं नव्हतं.

सालीची कडी काढली तरी पानं सुकत नाहीत, याचं कारण हेच. पहिल्यांदा गुटी बांधणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठून फांदी बघायला जातो, मेली की काय म्हणून. ती टवटवीत असते. पाण्याचा रस्ता लाकडातून आहे आणि लाकडाला आपण हात लावलेला नाही. बंद पडलाय तो फक्त जेवणाचा रस्ता. मार्सेलो माल्पिघी नावाच्या इटालियन वैद्यानं सतराव्या शतकात, १६७० च्या दशकात, फांदीची साल अशी वाटोळी काढून ठेवली आणि वरच्या काठाला सूज येते हे लिहून ठेवलं. माझ्या कपड्याच्या तारेनं तेच दाखवलं.

आता साखर सालीतून धावते कशी? तिथे काही पंप नाही. स्वयंपाकघरात या. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळानं पातेल्यात पाणी सुटतं. फोडीबाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. पानात असंच होतं. पान आपली साखर रसवाहिनीत कोंबतं. तिथला रस दाट होतो, इतका की त्यात १० ते २५ टक्क्यांपर्यंत साखर असू शकते. लगेच शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी तिकडे धावतं आणि नळीत दाब चढतो. हा दाब थोडाथोडका नसतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या चार-पाचपट भरतो. दुसऱ्या टोकाला मूळ, फळ, नवी पालवी, ज्याला भूक असेल तो ती साखर काढून घेतो. साखर गेली की पाणीही बाहेर पडतं आणि तिथला दाब उतरतो. एका टोकाला दाब, दुसऱ्या टोकाला ढिलाई, म्हणून मधला रस सरकत राहतो, तासाला साधारण १ मीटर. एर्न्स्ट म्युन्श या जर्मन शास्त्रज्ञानं १९३० मध्ये हे असं मांडलं. बारीकसारीक वाद झाले, पण मूळ चौकट आजही तीच शिकवतात.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. आगरात आपण पाटानं पाणी सोडतो ते उतार बघून जातं. सालीतला रस उतार बघत नाही, गिऱ्हाईक बघतो. पावसाळ्यात मुळं वाढत असली तर खाली जातो. आंबा धरलेला असला तर वर, टोकाच्या देठाकडे जातो. पालवी फुटत असली तर तिकडे. म्हणूनच पालवी कोवळी, लालसर असताना त्या फांदीवर गुटी बांधायची नाही. कोवळी पानं स्वतःच जेवणावर बसलेली असतात, खाली पाठवायला त्यांच्याकडे काही नसतं. पानं गर्द हिरवी, जून होऊ द्या. ती कमावती झाली की मग चाकू काढा.

रसवाहिनीच्या पेशी मोठ्या विचित्र. एकापुढे एक रचलेल्या, मधल्या भिंतींना भोकं, खिसणीसारखी. रस सरळ जावा म्हणून त्यांनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. मग त्या जगतात कशा? प्रत्येकीला चिकटून एक छोटी सहपेशी असते, तिच्या भरवशावर. आणि कुठे चीर पडली, दाब फुटला, की ही भोकं भराभर बुजतात. नाहीतर एका ओरखड्यानं झाडाची सगळी साखर वाहून गेली असती. हे बुजणं पुढे माडीच्या गोष्टीत परत येईल.

आता कामाला लागू.

वेळ मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरची. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै संपेपर्यंत. हवा ओली असते, गुटीवर पाणी शिंपत बसावं लागत नाही, आणि कॅम्बियम जोरात काम करत असल्यामुळे साल सरकन सुटते. मे महिन्यात करून बघा, साल लाकडाला चिकटून बसते आणि तुकड्या-तुकड्यांनी निघते.

फांदी गेल्या वर्षीची. शिसपेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, सालीचा हिरवा रंग जाऊन तपकिरी यायला लागलेली. पार कोवळी घेतली तर वाऱ्यानं मोडते, पार जून घेतली तर मुळं सुटायला आळस करते. शेंड्यापासून दीड-दोन वीत खाली, एका डोळ्याच्या लगेच खाली जागा धरा. त्या जागेची पानं आणि बारीक फाटे काढून टाका, पण वरची पानं एकही तोडू नका. लोक इथे चुकतात. फांदी हलकी करायची म्हणून वरची पानं ओरबाडतात. मुळांना पोसणार कोण? एका वर्षी मी मुद्दाम करून बघितलं. एकाच लिंबाच्या शेजारशेजारच्या चार फांद्या घेतल्या. दोघींची पानं ठेवली, दोघींची वरची सगळी पानं काढली. पानवाल्या दोघींना मुळं आली. बिनपानांच्या दोघींपैकी एकीला नुसती पांढरी गाठ आली, दुसरीला तीही नाही.

चाकू धारदार हवा आणि वापरण्याआधी पुसून घेतलेला. फांदीभोवती गोल एक चीर द्या, लाकडाला टेकेपर्यंत. तिच्याखाली २.५ ते ३ सेंटिमीटरवर दुसरी गोल चीर. दोन्ही चिरा जोडणारी एक उभी चीर. मग नखानं किंवा चाकूच्या पाठीनं सालीची ती अंगठी उलगडून काढा. लाकूड पांढरं, ओलं दिसेल.

आणि इथेच ती चूक होते. लोक समाधानानं चाकू मिटतात. लाकडावरचा तो बुळबुळीत थर, आपला गवंडी, अजून तिथेच असतो. त्याला सोडलंत तर पंधरा-वीस दिवसांत तो नवी साल रचून दोन्ही काठ जोडतो. जेवणाचा रस्ता परत सुरू, आणि तुम्ही बांधलेलं शेवाळ नुसतं गळ्यातलं ताईत. माझ्या पहिल्या वर्षीच्या वीसपैकी अकरा गुट्या अशाच गेल्या. आबांनी पट्टी सोडून एक-एक बघितली आणि एवढंच विचारलं, "साल काढलीस, ती घासलीस का?" नव्हती घासली. चाकूची पाठ आडवी धरून लाकूड चारी बाजूंनी खरवडायचं, बोटाला कोरडं, खडबडीत लागेपर्यंत. मग एक सुती फडकं घेऊन पुसायचं. खोल जायचं मात्र नाही. लाकूडच कापलंत तर पाण्याचा रस्ता तुटेल आणि मग पानं खरोखर सुकतील.

कलमं बांधणाऱ्या माणसाला हे घासणं जिवावर येतं. कोय कलम किंवा मृदुकाष्ठ कलम करताना आपण याच बुळबुळीत थराला जिवापाड जपतो, कारण खालच्या रोपाचा आणि वरच्या काडीचा थर एकमेकांना भिडला तरच कलम जगतं. आमच्याकडे कामाला येणारा एक पोरगा काजूची कलमं झकास बांधतो, पण गुटीवर त्याला बसवलं की हात थरथरतो. मी सांगते, बाबा, तिथे संसार जोडायचा असतो, इथे मोडायचा आहे.

वरच्या काठाला मुळं फुटवणारी पावडर लावायची असेल तर लावा. आयबीए म्हणून मिळते, बहुतेक कृषी सेवा केंद्रांत असते. फांदीच्या शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक सालीची अंगठी काढल्यावर तसंही वरच्या काठाशी अडतं. अन्न आणि ऑक्सिन एकत्र साचलं की तिथल्या पेशी मुळं व्हायला लागतात. पावडर म्हणजे बाहेरून दिलेला थोडा जादा डोस. जामाला, पेरूला ती नसली तरी चालतं. लिंबाला मी लावते. पावडर खालच्या काठाला फासू नका, फुकट जाईल. मुळं वरच्याच काठाला येणार.

शेवाळ आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी मुठीत घट्ट पिळा. पाणी टपकायचं पूर्ण थांबलं पाहिजे. इथे कंजुषी चालते, उधळपट्टी चालत नाही. ओलं गच्च शेवाळ बांधलंत तर आत हवा राहत नाही आणि सोललेली जागा कुजते. शेवाळ मिळालं नाही तर सोडणाचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीचा, भुसा वापरा, पण तो दोन-तीन वेळा धुऊन, तांबडं पाणी जाईपर्यंत. पेरूएवढा गोळा करून सोललेल्या जागेभोवती बसवा. वरचा काठ गोळ्याच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दोन वेढे गुंडाळायची आणि दोन्ही टोकं सुतळीनं आवळायची. वरचं टोक जास्त घट्ट, कारण फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. पारदर्शक प्लास्टिक एवढ्यासाठी की मुळं दिसावीत, रोज सोडून बघायचा मोह आवरता यावा.

आबा हे सगळं गोणपाटात करायचे. शेणमाती कालवून गोळा, त्यावर गोणपाट, आणि वर फांदीला टांगलेलं बुडाला भोक पाडलेलं मडकं. भोकातून चिंधीची वात सोडलेली, ती थेंब-थेंब पाणी गुटीवर टाकायची. दिसायला फार देखणं. पण मुंग्या घर करायच्या आणि मडकं वाऱ्यानं आपटायचं. मला प्लास्टिकच बरं वाटतं, याबद्दल आबा शेवटपर्यंत नाराज होते. गुटीवर थेट ऊन येत असेल तर पोफळीच्या विरीचा (झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद सालपटाचा) तुकडा भोवती गुंडाळून ठेवा. आत उकडत नाही, आणि विरी फुकट असते.

आता थांबायचं. जाम, पेरू महिन्या-दीड महिन्यात मुळं दाखवतात. लिंबू दीड ते दोन महिने. चिकू फार छळतो, त्याच्या नादी लागू नका, त्याचं कलमच विकत आणा. आधी वरच्या काठाला पांढऱ्या दाण्यांची माळ दिसते. ती मुळं नव्हेत, सूज आहे, पण शुभशकुन आहे. मग पांढरी मुळं शेवाळातून प्लास्टिकपर्यंत येतात. ती तपकिरी व्हायला लागली, त्यांना फाटे फुटले, की कापायचं. बहुतेक वर्षी हे गणपतीच्या आसपास येतं, आणि घरात पाहुणे असतात, म्हणून मी विसर्जनानंतरच हात घालते. आठवड्यानं बिघडत नाही.

कापताना एकदम कापू नका. आधी गुटीच्या खाली फांदीला निम्म्या जाडीपर्यंत खाच द्या. पाण्याचा रस्ता निम्मा बंद झाला की नव्या मुळांना कामाची सवय लागते. आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा. मग प्लास्टिक अलगद सोडा, शेवाळ काढत बसू नका, मुळं त्यात गुंतलेली असतात. कापल्यावर मात्र निम्मी पानं काढायची. आत्तापर्यंत पानं तोडू नका म्हणून बजावलं आणि आता तोडा म्हणते, याचं कारण हिशेब उलटलाय. आत्तापर्यंत पाणी आईच्या मुळांकडून येत होतं. आता या चिमूटभर मुळांवर सगळी पानं पोसायची आहेत. पिशवीत माती, वाळू, कुजलेलं शेणखत, आणि निदान महिनाभर सावली.

एक दोष मात्र सांगून ठेवते. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची गुटीची दोन झाडं मुळासकट आडवी झाली. शेजारची बियांची फांद्या मोडून घेऊन उभी राहिली. तेव्हापासून उघड्या, वाऱ्याच्या जागेसाठी कोणी गुटी मागितली तर मी आधी कुंपण आणि आधार विचारते.

लोक हौसेनं विचारतात, माडाची गुटी बांधता येईल का? नाही. बांबूची, पोफळीची, केळीचीही नाही. माडाच्या खोडात साल आणि लाकूड असे वेगळे थरच नाहीत. अन्नाच्या आणि पाण्याच्या नळ्या जोडीजोडीनं, जुडग्यांनी, खोडभर विखुरलेल्या असतात. काढायला अंगठीच नाही. म्हणून तर माडावर चढायला पायऱ्या पाडल्या तरी माड उपाशी मरत नाही. तेवढ्याच खाचा आंब्याच्या खोडाला गोल पाडल्या तर आंबा मरेल. पण माडाकडे कॅम्बियमही नाही, त्यामुळे त्याची जखम कधीच भरून येत नाही. खाच जन्मभर तशीच, आणि तिथल्या वासावर सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो. नवीन माडाला पायऱ्या पाडू नका, शिडी वापरा.

माझं माहेर भंडाऱ्यांचं. वडील माडी काढायचे, म्हणजे आमचं घर सालीतल्या साखरेवर नव्हे तरी तिच्याच बहिणीवर चाललं. माडाची पोय, म्हणजे फुलांचा तुरा, उमलायच्या आधी तिला दोरीनं आवळून बांधायचे, रोज हलक्या हातानं ठोकायचे आणि मग टोक कापून खाली मडकं लावायचे. ठिबकतो तो रसवाहिनीतला रस. पोयीत नारळ पोसायला निघालेली साखर मधल्या मधे आपण उचलतो. वडील सकाळ-संध्याकाळ वर चढून पोयीच्या टोकाची पातळ चकती उतरवायचे. लहानपणी मला वाटायचं, एकदा कापलंय तर पुन्हा कशाला? एकदा ताप आला म्हणून ते दोन दिवस चढले नाहीत, तर मडकं जवळजवळ कोरडं. वाहिन्यांची भोकं बुजली होती. रोजची ती चकती म्हणजे बुजलेलं तोंड उघडायचं. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे ती आंबत नाही. चुना नाही लावला तर दुपारपर्यंत तिची माडी होते.

या साखरेवर टपलेले आपण एकटे नाही. आंबा मोहरला की तुडतुडे येतात, सालीत सोंड खुपसतात. रसात साखर भरपूर, त्यांना हवी असणारी अमिनो आम्लं थोडी, म्हणून ते ढोसत राहतात आणि जादा साखर मागून टाकतात. तो चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. मुंबईहून शिमग्याला आलेल्या पुतण्यानं नवी गाडी आंब्याखाली लावली आणि सकाळी काच पुसता पुसेना. मी म्हटलं, झाडाचा गूळ आहे, चाटून बघ. त्यानं नाही चाटला. १९५३ मध्ये केनेडी आणि मिट्लर या शास्त्रज्ञांनी किडींच्या याच खोडीचा उपयोग करून घेतला. रस पीत बसलेल्या माव्याची सोंड तेवढी झाडात ठेवून बाकी कीड कापून बाजूला केली. आतल्या दाबानं सोंडेतून रस तासन् तास ठिबकत राहिला आणि रसवाहिनीतला निर्भेळ रस तपासायला मिळाला. कोणी सुई घेऊन गेलं असतं तर भोकं बुजली असती. किडीला ती कला साधलेली आहे.

गुटी जमायला लागली की हात शिवशिवतात. म्हणून बजावते, मुख्य खोडाची साल गोल काढायची नाही. फांदीची काढली तर खालच्या मुळांना बाकीच्या फांद्या जेवू घालतात. खोडाची काढली तर सगळ्या मुळांचं जेवण बंद. झाड लगेच मरत नाही, हीच फसवणूक. मुळं साठवलेल्या अन्नावर काही महिने, कधी वर्षभरही ढकलतात. पानं हिरवी, माणूस निश्चिंत. मग मुळं मरतात, पाणी चढत नाही, आणि भर पावसात झाड वाळतं. काजूच्या बुंध्याशी भोकं, डिंक आणि भुसा दिसला तर समजा रोठा लागलाय. त्याची अळी सालीखाली पोखरत फिरते. तिनं बुंध्याला पूर्ण वेढा घातला की तीच गत. भुसा दिसला त्याच दिवशी साल सोलून अळी काढा. पानं पिवळी पडायची वाट बघितलीत तर उशीर झाला. कुंपणाच्या तारा, रोपाला बांधलेली नायलॉनची दोरी, खोडाला अडकवलेल्या पाट्या, सगळं वर्षातून एकदा बघून सैल करा.

माझी नणंद तासगावला दिली आहे. तिकडे द्राक्षवेलीची साल मुद्दाम काढतात, गर्डलिंग म्हणतात. मणी धरल्यावर अगदी काही मिलिमीटरची बारीक पट्टी, म्हणजे काही आठवडे अन्न वरच घडांत राहतं आणि मणी फुगतो. तेवढ्यात जखम भरून येते. त्यांना रस्ता थोडे दिवस अडवायचा असतो, म्हणून पट्टी बारीक आणि घासायचं नाही. आपल्याला तो कायमचा तोडायचा असतो, म्हणून ३ सेंटिमीटर आणि घासणं. हे ऐकून कोणी हापूसवर प्रयोग करू नये. करून बघितलेल्या एकाच्या झाडाला दुसऱ्या वर्षी आंबे नव्हते, तिसऱ्या वर्षी झाड नव्हतं.

शेवटचं काम गिऱ्हाइकाला आवडत नाही. गुटी जाणत्या फांदीची असते, त्यामुळे लिंबाचं टीचभर रोपसुद्धा पहिल्याच वर्षी कळ्या धरतं. शृंगारतळीच्या बाजारात मी रोपं घेऊन बसते तेव्हा लोक कळी असलेलीच पिशवी उचलतात. पण फळ धरलं की सालीतला रस तिकडे वळतो आणि मुळं उपाशी राहतात. मुळं आधी भरली पाहिजेत, म्हणून पहिली दोन वर्षं कळी खुडायची. लोकांच्या हातून ते होत नाही, जीव तुटतो. तेव्हा पैसे घेतल्यावर पिशवी हातात द्यायच्या आधी मीच त्यांच्या डोळ्यांदेखत खुडते. एक आजोबा एवढे चिडले की रोप तिथेच टाकून निघाले. अर्ध्या तासानं परत आले, म्हणाले, "द्या आता, खुडलंच आहात तर."